वाक्य मागनं वाचा: इंग्रजीत कधी, कुठं, कसं हे सांगणारे शब्द क्रियापदाजवळ कसे बसवायचे

माझ्याकडं खानापूरकडची एक पोरगी शिकायला येते, मराठी माध्यमातनं दहावी झालेली. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, तू इथं कशी येतेस ते इंग्रजीत सांग बघू. ती थांबली. शब्द तिला सगळे येत होते, कम, बस, मॉर्निंग, बेळगाव, सगळे, पण कुठला आधी आणि कुठला नंतर हे काही ठरेना, आणि शेवटी ती म्हणाली, 'आय डेली मॉर्निंग सेव्हन ओक्लॉक बस खानापूर टू बेळगाव कमिंग.' मी बेळगावच्या वडगावात संध्याकाळची शिकवणी घेते, बाजूच्या गल्लीत विणकरांच्या मागाचा आवाज चालू असतो, त्या आवाजात असली वाक्यं मी किती ऐकली असतील सांगता येत नाही. पोरांना वाटतं आपल्याला इंग्रजी येत नाही. तसं नसतं ओ, त्यांना इंग्रजी येत असतं, फक्त ते मराठीच्या रांगेत उभं असतं.

तर ही रांग कशी फिरवायची ते आज सविस्तर सांगते. जी पोरं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, जाऊन एकदम इंग्रजीत पडतात, किंवा उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, नोकरीच्या मुलाखतीला जातात, त्यांच्यासाठी लिहितेय. वही पेन घेऊन बसा, नुसतं वाचून हे बसत नाही.

पहिलं काम: मराठी वाक्य सरळ लिहा, मग क्रियापदापासनं मागं चाला

त्या पोरीचं वाक्य मराठीत असं होतं: मी रोज सकाळी सातच्या बसनं खानापूरहून बेळगावला येते. आता शेवटच्या शब्दावर बोट ठेवा, येते, ते क्रियापद, त्याला 1 नंबर द्या. त्याच्या मागं बेळगावला, 2. त्याच्या मागं खानापूरहून, 3. सातच्या बसनं, 4. रोज सकाळी, 5. 'मी' ला नंबर नाही, तो कर्ता, तो दोन्ही भाषेत पहिलाच. आता कर्ता लिहा आणि 1 पासनं 5 पर्यंत ओळीनं इंग्रजी करत जा: 'आय कम टू बेळगाव फ्रॉम खानापूर ऑन द सेव्हन ओक्लॉक बस एव्हरी मॉर्निंग.' झालं, बरोबर वाक्य तयार.

मराठीत जो तुकडा क्रियापदाला चिकटून असतो तोच इंग्रजीतही चिकटून असतो, फक्त मराठीत तो डावीकडनं चिकटतो आणि इंग्रजीत उजवीकडनं. आरशात बघितल्यासारखं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, कन्नडमध्येही तसंच, 'नानु दिना बेळिग्गे बस्सिनल्लि बेळगाविगे होगतीनि', म्हणजे मी रोज सकाळी बसनं बेळगावला जाते, हे वाक्य घेऊन बघा, रांग आपलीच आहे, होगतीनि शेवटी. म्हणून आपल्या भागातली पोरं मराठीतनं कन्नडमध्ये पटकन उडी मारतात, शब्द बदलले की वाक्य तयार, आणि तीच सवय इंग्रजीला लावली की अडकतात. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या लगेच नंतर येऊन बसतं आणि बाकी सगळं त्याच्या पलीकडं जातं.

कर्म असेल तर? 'ती काल वाचनालयात शांतपणे पुस्तक वाचत होती.' वाचत होती 1, पुस्तक 2, शांतपणे 3, वाचनालयात 4, काल 5. 'शी वॉज रीडिंग अ बुक क्वाएटली इन द लायब्ररी येस्टर्डे.' इंग्रजी व्याकरणात हाच क्रम आधी कसं, मग कुठं, मग कधी असा पाठ करायला लावतात. पाठ करायची गरज नाही, मागनं चाललं की तो आपोआप येतो.

एक अट मात्र आहे. मराठीत आपण तुकडे कसेही फिरवतो, 'बेळगावला मी रोज जातो सकाळी' असंही बोलतो. मागनं चालायच्या आधी वाक्य सरळ करून घ्या, कर्त्यानंतर कधी सांगणारा तुकडा पहिला, क्रियापद शेवटचं. वाकडं वाक्य उलटं केलं तर वाकडंच निघणार.

लांब वेळ आणि लांब पत्ता असला तरी हाच नियम लागतो, आणि हे मला स्वतःला फार आवडतं. आपण म्हणतो सोमवारी सकाळी दहा वाजता, म्हणजे मोठ्याकडनं लहानाकडं. उलटं करा, 'ॲट टेन इन द मॉर्निंग ऑन मंडे.' आपण म्हणतो शहापुरात एका गल्लीत एका छोट्या घरात, इंग्रजी म्हणतं 'इन अ स्मॉल हाउस इन अ लेन इन शहापूर.'

क्रियापद आणि कर्म यांच्यात कुणाला शिरू देऊ नका

ही चूक सगळ्यात जास्त. 'आय लाइक व्हेरी मच टी', 'शी स्पीक्स व्हेरी वेल इंग्लिश', 'आय फिनिश्ड येस्टर्डे माय होमवर्क.' तिन्ही चूक. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म हातात हात घालून असतात, मध्ये काही घालायचं नाही. 'आय लाइक टी व्हेरी मच', 'शी स्पीक्स इंग्लिश व्हेरी वेल', 'आय फिनिश्ड माय होमवर्क येस्टर्डे.' कर्म फारच लांबलचक असेल, दोन ओळींचं, तर कधीकधी कसं हा शब्द आधी येतो, पण ते पुस्तकात दिसेल, बोलताना काळजी करू नका.

आणि 'घरी' ला 'टू' लागत नाही. 'आय वेंट टू होम' नाही, 'आय वेंट होम.' हिअर आणि देअर यांनाही नाही. तसंच नेक्स्ट, लास्ट, एव्हरी, धिस हे शब्द आले की मागचं ऑन, इन काढून टाका: 'लास्ट मंडे', 'एव्हरी डे', 'ऑन लास्ट मंडे' नव्हे. बसचं पण सांगते, नुसतं बसनं म्हणायचं असेल तर 'बाय बस', पण ठराविक बस असेल, सातची, तर 'ऑन द सेव्हन ओक्लॉक बस.' चालत म्हणजे 'ऑन फूट.'

जे लहान शब्द मागनं चालून सापडत नाहीत

ऑल्वेज, युज्वली, ऑफन, नेव्हर, ऑल्रेडी, जस्ट, स्टिल, ऑल्सो. ह्यांची जागा वेगळी, हे शेवटी जात नाहीत, क्रियापदाच्या जवळ मध्येच बसतात. तीन प्रसंग लक्षात ठेवा, बास.

क्रियापद एकटं असेल तर त्याच्या आधी: 'माय फादर ऑल्वेज गेट्स अप ॲट फाइव्ह.' क्रियापद इज, ॲम, आर, वॉज, वेअर असेल तर त्याच्या नंतर: 'द बस इज ऑफन लेट.' आणि हॅव, विल, कॅन असलं मदतीचं क्रियापद असेल तर पहिल्या मदतनीसाच्या नंतर: 'आय हॅव नेव्हर बीन टू कारवार', 'आय विल ऑल्वेज रिमेंबर इट.'

पण एव्हरी डे, ट्वाइस अ वीक, वन्स अ मंथ हे मोठे तुकडे झाले, ते मध्ये बसत नाहीत, शेवटी जातात. 'आय एव्हरी डे गो' असं म्हणू नका.

नेव्हरबद्दल थोडं थांबते. मराठीत आपण 'मी कधीच खोटं बोलत नाही' म्हणतो, कधीच पण आहे आणि नाही पण आहे. म्हणून पोरं लिहितात 'आय नेव्हर डोंट टेल लाइज.' इंग्रजीत नेव्हरच्या पोटातच नाही आहे, दुसरं नाही घातलं की अर्थ बिघडला. 'आय नेव्हर टेल लाइज.'

आणि 'अजून' हा आपला एक शब्द इंग्रजीत दोन ठिकाणी जातो. काम चालूच आहे असं सांगायचं तर स्टिल, मध्ये: 'ही इज स्टिल स्लीपिंग.' व्हायला पाहिजे होतं पण झालं नाही असं सांगायचं तर येट, शेवटी: 'द बस हॅज नॉट कम येट.'

वेळेचा शब्द क्रियापदाचा काळ ठरवतो

इथं मराठी आपल्याला खरंच फसवते. आपण सहज म्हणतो, 'मी कालच आलोय.' आलोय म्हणजे हॅव कम, असा हिशेब करून पोरं म्हणतात 'आय हॅव कम येस्टर्डे.' इंग्रजीत येस्टर्डे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन 2014 असा संपलेला वेळ आला की हॅव चालत नाही, साधा भूतकाळ पाहिजे, 'आय केम येस्टर्डे.'

आणि उलट बाजूनं, 'मी पाच वर्षांपासून बेळगावात राहतोय' यात मराठीत वर्तमानकाळ आहे, आपल्याकडं तर 'राहूलालोय' असंही म्हणतात, म्हणून 'आय ॲम लिव्हिंग इन बेळगाव सिन्स फाइव्ह इयर्स' तयार होतं. ह्यात दोन चुका. पासूनचा तुकडा आला की इंग्रजीला हॅव बीन लागतं, आणि मोजलेला काळ असेल तर फॉर, सुरुवातीचा क्षण असेल तर सिन्स. 'आय हॅव बीन लिव्हिंग इन बेळगाव फॉर फाइव्ह इयर्स', नाहीतर 'सिन्स 2019'. पाच वर्षं मोजता येतात, फॉर. 2019 हा एक खुंटा आहे, मोजता येत नाही, सिन्स.

आपल्या गावाचाच इतिहास घेऊन मी हे शिकवते कारण पोरांना तारखा पाठ असतात. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेला. संपलेली तारीख, साधा भूतकाळ: 'बेळगाव डिस्ट्रिक्ट बिकेम पार्ट ऑफ मैसूर स्टेट ऑन फर्स्ट नोव्हेंबर 1956.' 1973 मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं: 'द स्टेट वॉज रीनेम्ड कर्नाटक इन 1973.' नोव्हेंबर 2014 पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी आहे, आणि ते अजून चालू आहे, म्हणून 'द सिटी हॅज ऑफिशिअली बीन कॉल्ड बेळगावी सिन्स नोव्हेंबर 2014.' यात ऑफिशिअली कुठं बसलाय बघा, पहिल्या मदतनीसाच्या, म्हणजे हॅजच्या, लगेच नंतर. पूर्ण तारीख असेल तर ऑन, नुसतं वर्ष किंवा महिना असेल तर इन, घड्याळाची वेळ असेल तर ॲट.

काल रात्री म्हणजे 'लास्ट नाइट', 'येस्टर्डे नाइट' म्हणायची पद्धत नाही. आज रात्री 'टुनाइट'. काल सकाळी मात्र 'येस्टर्डे मॉर्निंग'च. परवा हा शब्द आला की आधी क्रियापद बघा, परवा गेलो असेल तर 'द डे बिफोर येस्टर्डे', परवा जाणार असेल तर 'द डे आफ्टर टुमॉरो'. मराठीत परवाचा अर्थ क्रियापद सांगतं, इंग्रजीत शब्दच वेगळे.

पर्यंत: बाय की टिल

ह्या एका शब्दानं माझ्या एका विद्यार्थ्याचं नुकसान होता होता राहिलं. त्याला एका कारखान्यातनं बोलावणं आलं, कधी येऊ शकता असं विचारलं होतं, त्यानं उत्तर लिहिलं, 'आय विल जॉइन टिल मंडे.' त्याला म्हणायचं होतं सोमवारपर्यंत जॉइन होतो. वाचणाऱ्याला कळेना, हा सोमवारपर्यंतच काम करणार काय? तिकडनं दोन दिवस काही कळवलं नाही. तो पोरगा रडकुंडीला आलेला, मग फोन करून समजावून सांगितलं तेव्हा काम झालं. त्या दिवसापासनं मी हा भाग कधीच घाईत उरकत नाही.

परीक्षा सोपी आहे. पर्यंतच्या जागी 'च्या आत' घालून बघा. सोमवारपर्यंत फी भरा, सोमवारच्या आत फी भरा, जमतंय? मग बाय. 'पे द फीज बाय मंडे.' सोमवारपर्यंत थांबा, सोमवारच्या आत थांबा, हे काहीतरीच झालं, म्हणजे थांबणं चालू राहणारं काम आहे, मग टिल. 'वेट टिल मंडे.' त्या पोराचं वाक्य पाहिजे होतं 'आय विल जॉइन बाय मंडे.'

एक अडचण येते ती नाहीच्या वाक्यात. 'तो सोमवारपर्यंत येणार नाही' यात आत घालूनही वाक्य बरं वाटतं, पण इंग्रजीत न येणं चालू राहतंय असं धरतात, म्हणून 'ही वोंट कम टिल मंडे.' 'येणार नाही', 'मिळणार नाही' असं असेल तर टिलच घ्या.

वेळेवर म्हणजे 'ऑन टाइम', ठरल्या वेळेला. वेळेत म्हणजे 'इन टाइम', उशीर व्हायच्या आत.

कुठल्या क्रियापदाला कुठला शब्द शोभतो

जागा कळली, आता जोडी. हे नियमानं होत नाही, कानानं होतं, म्हणून इथं सगळ्यात जास्त वेळ द्या.

'जोरात' घ्या. आपण पावसापासनं ब्रेकपर्यंत सगळ्याला जोरात म्हणतो. 'काल रात्री जांबोटीकडं जोरात पाऊस पडला' याचं इंग्रजी करताना जोरात म्हणून फास्ट, लाउडली, हार्ड, काय घालायचं? पावसाला हेव्हिली: 'इट रेन्ड हेव्हिली अराउंड जांबोटी लास्ट नाइट.' जोरात पळाला, 'रॅन फास्ट.' जोरात बोलू नको, 'डोंट स्पीक सो लाउडली.' जोरात मारलं, 'हिट हार्ड.' क्रियापद बदललं की जोडीदार बदलला, मराठीत मात्र एकच जोरात सगळ्यांकडं कामाला. म्हणून शब्द एकटा पाठ करू नका, जोडी पाठ करा. वहीत 'हेव्हिली म्हणजे जोरात' असं लिहायचं नाही, 'रेन हेव्हिली' असं लिहायचं.

'नीट' पण तसाच. नीट ऐक, 'लिसन केअरफुली.' नीट बस, 'सिट प्रॉपरली.' नीट दिसत नाही, 'आय कांट सी क्लिअरली.' नीट झोप लागली नाही, 'आय डिडंट स्लीप वेल.'

आणि 'खूप', ज्याला पोरं सगळीकडं व्हेरी लावतात. 'आय व्हेरी लाइक' होत नाही, व्हेरी एकटा क्रियापदाला लागत नाही, 'व्हेरी मच' लागतं आणि तेही कर्माच्या नंतर. पैशाची खूप गरज आहे, 'आय बॅडली नीड मनी', इथं बॅडलीचा अर्थ वाईट असा नाही, अतिशय असा आहे. जत्रेत खूप मजा आली, 'वी थरोली एन्जॉइड द फेअर.' सपशेल विसरलो, 'आय कम्प्लिटली फरगॉट.' ठाम विश्वास आहे, 'आय फर्मली बिलीव्ह.' मनापासनं आशा करतो, 'आय सिन्सिअरली होप.' ह्या जोड्यांत शब्द क्रियापदाच्या आधी येतो हे बघून ठेवा, अर्जात आणि मुलाखतीत ह्या जोड्या फार उपयोगी पडतात.

आता एक धोक्याची जागा. हार्ड म्हणजे कष्टानं, हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच. 'आय वर्क हार्ड' म्हणजे मी कष्ट करतो, 'आय हार्डली वर्क' म्हणजे मी काम करतच नाही म्हणा. माझ्याकडच्या एका गुणी पोरीनं नोकरीच्या अर्जात 'आय हार्डली वर्क' लिहिलेलं, ली लावला की क्रियाविशेषण होतं असं तिला शिकवलेलं, आणि तिचा बिचारीचा काय दोष, बहुतेक शब्दांना ते खरंच असतं. अर्ज द्यायच्या आधी दाखवला म्हणून बरं. लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडं. निअर म्हणजे जवळ, निअरली म्हणजे जवळजवळ. फास्टला तर ली लागतच नाही.

आपला 'च' आणि इंग्रजी ओन्ली

मराठीतला च फार नेमका आहे, ज्या शब्दाला चिकटतो त्यालाच जोर देतो. मीच काल कुंदा आणला, मी कालच कुंदा आणला, मी काल कुंदाच आणला, तीन वेगळ्या गोष्टी. च मागं चिकटतो म्हणून आपल्याकडं 'आय केम येस्टर्डे ओन्ली' म्हणतात. ओन्ली पुढं ठेवा, ज्याला जोर द्यायचा त्याच्या आधी: 'आय केम ओन्ली येस्टर्डे.'

एक चांगलं वाक्य देते. गांधीजी काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष आयुष्यात एकदाच झाले, 1924 च्या डिसेंबरात, आपल्या बेळगावात. 'गांधीजी प्रिसायडेड ओव्हर अ काँग्रेस सेशन ओन्ली वन्स, इन बेळगाव इन डिसेंबर 1924.' टिळकवाडीतली, त्या अधिवेशनासाठी खणलेली काँग्रेस विहीर बघायला पाहुणे आले की हे वाक्य वापरा. त्यात ओन्ली वन्सच्या आधी, मग कुठं, मग कधी, सगळं आपापल्या जागी आहे.

सराव

रोज रात्री तीन वाक्यं, जास्त नको. दिवसभरात जे केलं तेच लिहायचं, गोष्टीतली वाक्यं नकोत. मराठीत लिहा, सरळ करा, क्रियापदापासनं मागं नंबर द्या, इंग्रजी करा, मग मोठ्यानं वाचा. ऑल्वेज, नेव्हर असले लहान शब्द असतील तर त्यांना नंबर न देता गोल करा आणि शेवटी मध्ये बसवा.

खाली चार वाक्यं देते, उत्तर झाकून करा.

आई रविवारी सकाळी गणपत गल्लीत भाजी घेते. 'माय मदर बाइज व्हेजिटेबल्स इन गणपत गल्ली ऑन संडे मॉर्निंग्ज.' दर रविवारचं काम आहे म्हणून मॉर्निंग्ज.

आमचे माग रात्रभर चालतात. 'अवर लूम्स रन ऑल नाइट.' इथं ऑलच्या आधी काही लागत नाही.

भाऊ तीन महिन्यांपासून निपाणीत काम करतोय. 'माय ब्रदर हॅज बीन वर्किंग इन निपाणी फॉर थ्री मंथ्स.'

मी परवापर्यंत फॉर्म नक्की भरतो. आधी परवा कुठला ते बघा, मग आत घालून बघा: 'आय विल डेफिनेटली फिल इन द फॉर्म बाय द डे आफ्टर टुमॉरो.' डेफिनेटली विलच्या नंतर, क्रियापदाच्या आधी, आणि क्रियापद नि कर्म यांच्यात कुणी नाही.

खानापूरची ती पोरगी आता येताना बसमध्येच तीन वाक्यं करून आणते, तिकिटाच्या मागं लिहून. काल तिनं आणलेलं एक: 'द कंडक्टर नेव्हर गिव्ह्ज मी माय चेंज ऑन टाइम.'